मधुमेहातील यंत्रनोंदी आणि समान मानके : वैद्य व औषधविक्रेते यांच्यासाठी

प्रस्तावना

प्रमेहाचे वीस प्रकार, म्हणजे कफज दहा, पित्तज सहा व वातज चार, आपण सर्वांनी अभ्यासले आहेत. मूत्राचा वर्ण, गंध, स्पर्श व सांद्रता यांवरून हे भेद सांगताना आचार्यांनी निरीक्षणाची परिभाषा प्रथम निश्चित केली, मगच चिकित्सा सांगितली. आज महालातील आमच्या चिकित्सालयात येणारा मधुमेही नाडीसाठी हात पुढे करण्यापूर्वी ग्लुकोमीटरच्या आकड्यांची वही पुढे करतो. ही वही उपयुक्त आहे यात शंका नाही. मात्र तिच्यातील आकडे सर्वांना समजेल अशा एकाच परिभाषेत लिहिलेले असतात काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

एक रुग्णानुभव

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. साठी उलटलेले एक गृहस्थ आधुनिक वैद्यकाच्या गोळ्यांसोबत आमची औषधे घेत होते. एकदा प्रकृती बरी नसल्याने त्यांनी मुलाबरोबर यंत्रातील आकडे कागदावर उतरवून पाठविले. त्यात दोन ठिकाणी सायंकाळी चारच्या सुमारास ६४ व ६१ असे आकडे होते. दुपारचे जेवण व चहा यांत अंतर पडत असावे असे समजून आम्ही साडेतीन वाजता अल्पाहार सुचविला. त्यानंतर चारच दिवसांनी पहाटे ते घामाने चिंब व भ्रमित अवस्थेत आढळले. घरच्यांनी तत्काळ साखरपाणी दिले म्हणून अनर्थ टळला. पुढे यंत्र हाती घेतले तेव्हा उलगडा झाला. बॅटरी बदलल्यावर घड्याळ लावताना सकाळ व सायंकाळ यांची अदलाबदल झाली होती. ते आकडे सायंकाळचे नव्हते, पहाटेचे होते. आकडा खरा होता, त्याची वेळ खोटी होती, आणि ती पडताळून न पाहण्याचा दोष आमचा होता. त्यांच्या तज्ज्ञ डॉक्टरांनी रात्रीची गोळी कमी केल्यावर तो त्रास थांबला.

मानपरिभाषेचा जुना धडा

हा प्रश्न आयुर्वेदाला नवा नाही. शार्ङ्गधर संहितेत मागध व कालिंग अशी दोन माने सांगितली आहेत. मागध कर्ष ९६ गुंजांचा, तर आठ गुंजांचा माष धरल्यास कालिंग कर्ष ८० गुंजांचा होतो. ग्रंथात नुसते ‘कर्ष’ असले आणि मान ठाऊक नसले, तर मात्रेत सहाव्या हिश्श्याचा फरक पडेल. म्हणूनच कल्प करण्यापूर्वी परिभाषा पाहण्याचा दंडक आहे. भारतीय आयुर्वेद योगसंग्रहाने कर्ष म्हणजे १२ ग्रॅम असे ठरविल्यामुळे आज नागपूरचा व केरळचा औषधनिर्माता एकच पाठ एकाच प्रमाणात करू शकतो.

रक्तशर्करेतही अशीच दोन माने आहेत. भारतात मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, तर ब्रिटनमध्ये मिलिमोल प्रति लिटर हे एकक चालते. दुसऱ्यास १८ ने गुणल्यास पहिले मिळते. मुलाकडे लंडनला राहून आलेल्या मातोश्रींच्या वहीतील ‘७.२’ म्हणजे सुमारे १३० मिलिग्रॅम शर्करा. तोच आकडा एचबीए१सीचा समजल्यास अर्थ पूर्णपणे पालटतो. याशिवाय समग्र रक्तापेक्षा प्लाझ्मातील शर्करा सुमारे ११ टक्क्यांनी अधिक भरते. म्हणून आकडा कशाचा, हेही ठाऊक हवे.

यंत्रांची समान भाषा

या अडचणीवर जगभर काम झाले आहे. आयईईई संस्थेने ग्लुकोमीटरसाठी ११०७३-१०४१७ हे मानक २००९ साली, तर त्वचेवर लावून सतत मापन करणाऱ्या संवेदकांसाठी ११०७३-१०४२५ हे मानक २०१४ साली प्रसिद्ध केले. ब्लूटूथद्वारे आकडा पाठविण्याच्या समान पद्धतीत प्रत्येक नोंदीस अनुक्रमांक, वेळ, एकक व नमुन्याचा प्रकार जोडलेला असतो. रक्त बोटाचे की अन्यत्रचे, की तो तपासणी द्रावणाचा आकडा आहे, हे वेगळे दर्शविता येते. उपाशीपोटी, भोजनापूर्वी, भोजनोत्तर अशी अवस्थाही नोंदविता येते. विशेष म्हणजे वापरकर्त्याने घड्याळ बदलले तर तो फरक स्वतंत्रपणे नोंदविण्याची सोय आहे. वरील रुग्णाच्या यंत्रात ही सोय असती आणि नोंद कागदाऐवजी थेट आली असती, तर घड्याळाशी छेडछाड झाल्याचे आमच्या ध्यानी आले असते.

सतत मापनात हा प्रश्न अधिकच मोठा होतो. दर पाच मिनिटांस एक याप्रमाणे दिवसाला २८८ आकडे जमतात. ते वाचण्यासाठी २०१९ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीने ७० ते १८० ही कक्षा ठरविली. बहुतेक मधुमेहींचा ७० टक्क्यांहून अधिक काळ त्या कक्षेत जावा असे उद्दिष्ट आहे.

आपल्या देशात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१३ साली विद्युत् आरोग्यनोंदींची मानके जाहीर केली व २०१६ साली ती सुधारली. या मानकांचे राष्ट्रीय संसाधन केंद्र पुण्याच्या सी-डॅकमध्ये आहे. या मानकांत प्रयोगशालेय तपासण्यांसाठी लॉइंक संकेतांक स्वीकारले आहेत. त्यात ग्लुकोमीटरवरील केशिका रक्ताची शर्करा ४१६५३-७, तर उपाशीपोटीची प्लाझ्मा शर्करा १५५८-६ अशी वेगवेगळी नोंदली जाते. आयुर्वेदीय निदानांच्या संज्ञांसाठी आयुष मंत्रालयाचे ‘नमस्ते’ पोर्टल २०१७ पासून आहे, आणि जानेवारी २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्ये आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांच्या रोगसंज्ञांचा विभाग आला. अर्थात ‘मधुमेह’ हे निदान आणि यंत्राचा आकडा एकाच नोंदीत शेजारी बसविणे आता शक्य आहे.

वैद्यांनी काय करावे

संगणक नसला तरी हरकत नाही. साध्या वहीतही प्रत्येक आकड्यासोबत पुढील सहा गोष्टी लिहाव्यात :

१. दिनांक व वेळ (चोवीस तासांच्या पद्धतीने, महिना अक्षरी).
२. एकक.
३. नमुना : बोटाचे रक्त, शिरेतील रक्त अथवा संवेदक.
४. भोजनाशी संबंध.
५. यंत्राचे नाव.
६. त्या दिवशी घेतलेली सर्व औषधे, आपली व इतर पद्धतींची.

सहावी बाब विशेष महत्त्वाची. आपल्या औषधाचा गुण आला की दुसऱ्या गोळीची मात्रा वाढली, हे तिच्याविना सांगता येणार नाही. ७० पेक्षा कमी आकडा दिसल्यास प्रथम यंत्राचे घड्याळ पाहावे व संबंधित तज्ज्ञास त्वरित कळवावे.

औषधविक्रेत्यांनी काय करावे

यंत्र विकताना व बॅटरी बदलून देताना वेळ, दिनांक व एकक आपण स्वतः लावून द्यावे. पट्ट्यांची मुदत व त्या यंत्रास त्या जुळतात की नाही हे पाहावे. आयएसओ १५१९७:२०१३ या मानकानुसार ९५ टक्के आकडे प्रयोगशाळेच्या तुलनेत ठरावीक मर्यादेत असावे लागतात : १०० च्या खाली १५ मिलिग्रॅम, १०० व त्यापुढे १५ टक्के. तेव्हा १३० व १४० या दोन आकड्यांवरून ग्राहकास घाबरवू नये अथवा औषध बदलण्यास सुचवू नये. रुग्णाचे आकडे त्याच्या संमतीविना कोणासही पाठवू नयेत.

उपसंहार

समान मानक म्हणजे केवळ संगणकतज्ज्ञांचा विषय नव्हे. तो रुग्णाच्या पहाटेच्या सुरक्षिततेचा विषय आहे. आचार्यांनी मानपरिभाषा आधी सांगितली व कल्प नंतर. आपणही आकड्याची परिभाषा आधी पाहावी व चिकित्सा नंतर ठरवावी, एवढीच सर्व वैद्यबंधुभगिनींस व औषधविक्रेत्यांस आमची विनंती आहे.