एपीआयच्या फाइलमधून ‘सिक्युरिटी’ काढताना नेमकं काय निघतं?

बारावीची आणि डिप्लोमाची मुलं प्रोजेक्टसाठी आता एआय एजंट वापरू लागली आहेत. एजंट नुसती उत्तरं देत नाही, तो फाइल उघडतो, बदलतो आणि प्रोग्राम चालवूनही बघतो. मुलं त्याला सहज सांगतात, “लॉगिनची कटकट नको, एपीआयच्या फाइलमधून सिक्युरिटी काढून टाक.” काम लगेच होतं. पण नेमकं काय निघालं? आज तेच समजून घेऊ.

ही फाइल म्हणजे काय?

शाळेच्या ऑफिसबाहेर फलक असतो: कोणत्या खिडकीवर काय मिळतं, सोबत कोणतं ओळखपत्र लागतं. एपीआयचं वर्णन करणारी फाइल म्हणजे असाच फलक, फक्त तो दुसरे प्रोग्राम वाचतात. त्याची सर्वात प्रचलित पद्धत म्हणजे ओपनएपीआय. पूर्वी तिचं नाव स्वॅगर होतं. २०१५ मध्ये ती लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आली.

या फाइलमध्ये सुरक्षेची माहिती दोन ठिकाणी असते. एका ठिकाणी ओळख पटवण्याचे प्रकार सांगितलेले असतात, जसं की एपीआय की किंवा ओऑथ. दुसऱ्या ठिकाणी, कोणत्या कामाला त्यातला कोणता प्रकार लागेल, ही अट असते.

तीन नियम

१. फाइलच्या वरच्या पातळीवर लिहिलेली अट सगळ्या कामांना लागू होते.
२. एखाद्या कामापुढे स्वतंत्र अट लिहिली, तर त्या कामापुरती वरची अट बाजूला पडते. दोन्हींची बेरीज होत नाही.
३. कामापुढे अटीची रिकामी यादी असेल, तर ते काम सर्वांना खुलं. पण अटीची ओळच नसेल, तर वरची अट लागू.

मुलं अडखळतात ती तिसऱ्या नियमावर. ‘रिकामं’ आणि ‘नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे फळ्यावर ठळक लिहा.

उदाहरण सोडवू या

समजा, शाळेच्या ॲपच्या फाइलमध्ये वर अट आहे: लॉगिन हवं. खाली तीन कामं आहेत:

- सुट्ट्यांची यादी: रिकामी यादी, म्हणजे खुली.
- गुणपत्रक पाहणे: वेगळी ओळ नाही, म्हणजे लॉगिन लागतं.
- गुण बदलणे: स्वतंत्र अट, शिक्षकाची परवानगी हवी.

आता एजंटने तिन्ही कामांपुढच्या सुरक्षेच्या ओळी खोडल्या आणि वरची अट तशीच ठेवली. काय होईल? सुट्ट्यांची यादी उलट बंद झाली! गुणपत्रक होतं तसंच राहिलं. आणि गुण बदलण्यासाठी आता नुसतं लॉगिन पुरेसं, म्हणजे विद्यार्थ्याचंही चालेल. वरची अटही खोडली, तर तिन्ही कामं सर्वांना खुली.

पण कुलूप खरंच निघालं का?

इथे दोन शक्यता आहेत. सर्व्हरचा प्रोग्राम ओळख स्वतः तपासत असेल, तर फलक बदलल्याने काहीच बिघडत नाही. खिडकीवरचे क्लार्क ओळखपत्र मागतातच. ओळख न दाखवणाऱ्याला सर्व्हर ‘४०१’ हे उत्तर देतो. मूल म्हणतं, “सर, सिक्युरिटी काढली तरी चालत नाही!” कारण काढली ती पाटी, कुलूप नव्हे.

मात्र काही ठिकाणी याच फाइलवरून सर्व्हरचा कोड तयार होतो किंवा गेटवेचे नियम ठरतात. नवीन क्लार्कला फक्त फलक वाचून कामाला बसवलं, असं समजा. फलकावर ओळखपत्राचा उल्लेख नसेल, तर तो कोणाचंही गुणपत्रक कोणालाही देईल. तिथे पाटीबरोबर कुलूपही जातं.

अट काढणं दर वेळी चूकच असतं असं नाही. खोट्या डेटावर सराव करताना चालतं. काही साधनं की स्वतःच बाहेरून जोडतात, तिथेही फाइलमधली अट काढावी लागू शकते. पण तेव्हा प्रत बदलावी, मूळ फाइल नाही.

एजंटला सांगण्यापूर्वी

- मूळ फाइलची प्रत काढली का?
- कोणत्या कामाची अट काढायची, हे नावानिशी सांगितलं का?
- ओळ खोडायची की रिकामी यादी ठेवायची, हे ठरवलं का?
- ही फाइल पुढे कोण वाचतं?
- बदलानंतर जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवून पाहिली का?

वर्गासाठी कृती: वरचं उदाहरण मुलांना वहीत लिहायला सांगा. प्रत्येक कामापुढे ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन रकाने करा. उत्तरं आधी स्वतः काढायची, मगच एजंटला विचारायचं.

पालकांनो, तुम्हाला कोड कळायलाच हवा असं नाही. मूल म्हणालं, “एजंटने करून दिलं,” तर एवढंच विचारा: “त्याने काय काढलं, ते मला समजावून सांगशील?” सांगता आलं, तर मूल शिकलं. नाही आलं, तर दोघं मिळून ती फाइल पुन्हा उघडा.