कवी नारायण सुर्वे

मुंबईच्या रस्त्यावर टाकून दिलेले एक तान्हे मूल गंगाराम सुर्वे या गिरणी-कामगारास आढळले. घरी दारिद्र्य, तरीही त्यांनी व काशीबाईंनी त्यास पोटच्या पोराप्रमाणे वाढविले, आपले नाव दिले आणि शाळेतही घातले. हेच कवी नारायण सुर्वे (१९२६–२०१०).

शाळा लवकरच सुटली. पडेल ते काम करीत नारायण मोठा झाला. पुढे त्यास शाळेत शिपायाची नोकरी मिळाली. पण वर्गाच्या दाराशी तो थांबला नाही. अभ्यास करून त्याने परीक्षा दिली आणि तो शिक्षक झाला!

१९६२ साली 'ऐसा गा मी ब्रह्म' हा त्यांचा पहिला काव्यसंग्रह निघाला. दुसऱ्याचे नाव 'माझे विद्यापीठ'. मुलांनो, हे विद्यापीठ कोणते बरे? गिरण्या, चाळी आणि तोच मुंबईचा रस्ता. १९९५ साली परभणीच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले.