हरवलेले विमान, सापडलेले नाव
(द्वितीय वर्ष, कला)

२५ जानेवारी १९४४ रोजी चीनमधील कुनमिंगहून आसामातील चबुआकडे निघालेले ‘हॉट अ‍ॅज हेल’ हे अमेरिकन बाँबफेकी विमान हिमालयात नाहीसे झाले. विमानात आठजण होते. २००६ साली क्लेटन कुल्स या गिर्यारोहकास त्याचे अवशेष अरुणाचल प्रदेशात सापडले.

येथे प्रश्न सुटला असे आपणांस वाटेल. परंतु विमान ओळखले म्हणजे माणूस ओळखला असे नव्हे. यादीत नावे आठ. हाती लागलेली अस्थी कोणाची? २०१५ मध्ये अमेरिकी पथकाने तेथे शोध घेतला. अस्थींची तपासणी व नातलगांच्या डीएनएशी जुळणी होऊन २०१७ साली लेफ्टनंट रॉबर्ट ऑक्सफर्ड यांची ओळख पटली. जॉर्जिया राज्यातील कॉन्कॉर्ड या त्यांच्या गावी दफनविधी झाला. वाट पाहणारे आईवडील तोवर उरले नव्हते.

आपल्या भोकरदनचे प्राचीन नाव भोगवर्धन. येथील दात्यांची नावे सांचीच्या स्तूपावर कोरलेली आहेत, म्हणूनच ती माणसे आपणांस ठाऊक आहेत. माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. पणजोबांचे नाव आमच्या घरातील एकाही कागदावर नाही. इतिहास म्हणजे केवळ राजांच्या लढाया नव्हेत. हरवलेल्या माणसाला पुराव्यानिशी त्याचे नाव परत देणे हेही इतिहासाचेच काम आहे.