अध्यापनाच्या जोडीला संशोधन : बेळगावच्या वैद्यकीय महाविद्यालयाचा अनुभव

आपल्या देशातील बहुतेक वैद्यकीय महाविद्यालये अध्यापनासाठी निघाली. खेडोपाडी डॉक्टरांची टंचाई असता प्रथम डॉक्टर तयार करावेत, बाकीचे नंतर पाहावे, हे धोरण त्या काळी योग्यच होते. परंतु ‘बाकीचे’ पुष्कळ ठिकाणी कायमचेच मागे पडले. अध्यापकाची सकाळ बाह्यरुग्ण विभागात जाते, दुपार वर्गात जाते आणि परीक्षेचे दिवस उत्तरपत्रिकांत जातात. संशोधन हे दिल्ली-मुंबईचे अथवा परदेशातील मोठ्या संस्थांचे काम, अशी समजूत त्यामुळे दृढ झाली. भारतातील 579 वैद्यकीय संस्थांनी 2005 ते 2014 या दहा वर्षांत किती शोधनिबंध प्रसिद्ध केले, याची पाहणी 2016 साली प्रकाशित झाली. त्यांपैकी 332 संस्थांच्या नावावर, म्हणजे शेकडा 57 हून अधिक संस्थांच्या नावावर, एकही निबंध आढळला नाही. उलटपक्षी अवघ्या 25 संस्थांनी देशातील एकूण निबंधांपैकी शेकडा 40 निबंध दिले होते.

हा केवळ प्रतिष्ठेचा प्रश्न नव्हे. रोगी खेड्यात आणि त्याच्या रोगाचा विचार करणारे शेकडो कोस दूर, अशी स्थिती असली म्हणजे खेड्यातील प्रश्न कोणी विचारीतच नाही. आणि जो प्रश्न विचारला जात नाही त्याचे उत्तर कोठल्याही ग्रंथात सापडत नाही. ज्या महाविद्यालयाचा मूळ पिंड अध्यापनाचा आहे, तेथे संशोधनाची क्षमता कशी निर्माण होते, हे पाहण्यास बेळगावचे उदाहरण उपयुक्त आहे.

बेळगावचे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय 1963 साली सुरू झाले. ते चालविणारी कर्नाटक लिंगायत शिक्षण संस्था त्याहून पुष्कळ जुनी, 1916 सालची. पुढे 2006 साली या संस्थेच्या उच्च शिक्षण विभागास अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. संशोधनाच्या दृष्टीने महत्त्वाचे वळण मात्र त्याआधीच आले होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय बालआरोग्य व मानवविकास संस्थेने 2001 च्या सुमारास स्त्रिया व बालके यांच्या आरोग्याच्या संशोधनासाठी अनेक देशांतील केंद्रांचे एक जाळे उभारले. प्रत्येक केंद्रात अमेरिकेतील एक विद्यापीठ व स्थानिक संस्था यांची जोडी असे. डॉ. रिचर्ड डर्मन यांच्याशी बेळगावच्या डॉ. कोडकणी, डॉ. गौडर आदी अध्यापकांची अशी जोडी जमली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. बेळगावच्या अध्यापकांनी निवडलेला प्रश्न महागड्या यंत्रांचा नव्हता. तो त्यांच्या परिसरातील प्रत्येक सुईणीला, प्रत्येक आरोग्यसेविकेला ठाऊक असलेला होता. बाळंतपण सुखरूप होते, मूल रडते, घरात आनंद होतो, आणि तासाभरात रक्तस्रावाने आई दगावते. हे कसे टाळावे?

प्रसूतीनंतर वार सुटली म्हणजे गर्भाशयाच्या ज्या भागाला ती चिकटलेली असते तेथील रक्तवाहिन्या उघड्या राहतात. गर्भाशय आवळून घट्ट झाले की त्या आपोआप दाबल्या जातात आणि रक्त थांबते. ते सैल राहिले तर रक्त वाहतच राहते. गर्भाशय आवळण्यासाठी ऑक्सिटोसिन हे उत्तम औषध होय. पण ते सुईने द्यावे लागते व शीतपेटीत ठेवावे लागते. जेथे प्रसूती घरी अथवा उपकेंद्रात होई आणि विजेचा भरवसा नसे, तेथे या औषधाचा उपयोग कागदावरच राहिला. मिसोप्रोस्टॉलची गोळी मात्र तोंडाने घेता येते आणि नेहमीच्या तपमानात टिकते. खेड्यातील आरोग्यसेविकेच्या हातून ती दिली तर रक्तस्राव खरोखर कमी होतो काय, हे तपासण्याचे ठरले.

मोजमापाचा प्रश्न

परंतु रक्तस्राव कमी झाला हे कशावरून म्हणावयाचे? येथेच संशोधनाचा खरा धडा सुरू होतो. प्रसूतीच्या वेळी किती रक्त गेले, याचा अंदाज तोवर नजरेनेच बांधला जात असे. फडकी किती भिजली, जमिनीवर किती सांडले, यावरून अनुभवी परिचारिका सांगे, ‘फार गेले’ किंवा ‘बेताचे गेले’. असा अंदाज व्यक्तीगणिक बदलतो. यास्तव बेळगाव येथील संशोधकांनी एक साधी प्लॅस्टिकची झोळी वापरात आणली. ती बाळंतिणीच्या कमरेला पट्ट्याने बांधून तिच्या खाली पसरावयाची. खालचे टोक नरसाळ्यासारखे निमुळते होत जाते आणि त्या पिशवीवर मिलिलिटरच्या खुणा असतात. रक्त त्यात साठते व आकडा वाचता येतो. नजरेचा अंदाज व झोळीचे माप यांची तुलना केली असता, नजरेने रक्तस्राव सुमारे एक-तृतीयांशाने कमी भासतो असे आढळून आले. म्हणजे शंभर बाळंतिणींपैकी कितीतरी जणींचा धोका जवळ उभ्या असलेल्या माणसालाही दिसत नव्हता. झोळीची किंमत क्षुल्लक. तिने दाखविलेली चूक मात्र क्षुल्लक नव्हे. याच तत्त्वाच्या मापाच्या झोळीचा समावेश असलेली उपचारपद्धती पुढे केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका व टांझानिया या देशांतील 80 रुग्णालयांत तपासली गेली, आणि तीव्र रक्तस्राव व त्याचे गंभीर परिणाम शेकडा 60 ने घटल्याचे 2023 साली प्रसिद्ध झाले.

बेळगाव जिल्ह्यातील चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या क्षेत्रात 2002 ते 2005 या काळात मुख्य चाचणी झाली. 1,620 स्त्रिया तीत सहभागी झाल्या. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे निव्वळ योगायोगाने त्यांचे दोन गट पाडण्यात आले. एका गटास प्रसूतीनंतर लगेच 600 मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉल देण्यात आले. दुसऱ्या गटास दिसावयास अगदी तशीच, पण औषध नसलेली गोळी. कोणत्या स्त्रीस काय मिळाले हे देणाऱ्या आरोग्यसेविकेसही ठाऊक नव्हते. तसे नसते तर औषध दिलेल्या बाळंतिणीचा रक्तस्राव नकळत कमी लिहिला गेला असता. हा माणसाचा स्वभावच आहे, त्यात लबाडी असतेच असे नाही.

500 मिलिलिटर किंवा त्याहून अधिक रक्तस्राव औषध नसलेल्या गटात शेकडा 12 स्त्रियांना झाला, औषध घेतलेल्या गटात शेकडा 6.4 स्त्रियांना. एक लिटर व त्यावरील तीव्र रक्तस्राव शेकडा 1.2 वरून 0.2 वर आला. दर अठरा स्त्रियांना गोळी दिली असता एकीचा अतिरक्तस्राव टळतो, असा याचा हिशेब होतो. औषध घेतलेल्या स्त्रियांना थंडी वाजणे व ताप येणे अधिक प्रमाणात झाले, पण ते तात्पुरते होते. हा निबंध 2006 साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापून आला. जागतिक आरोग्य संघटनेने 2011 साली आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत प्रसूतीनंतरचा रक्तस्राव टाळण्यासाठी मिसोप्रोस्टॉलचा समावेश केला. बेळगावच्या चाचणीचा पुरावा या विषयावरील महत्त्वाच्या पुराव्यांपैकी एक होता.

अर्ध्या स्त्रियांना औषध नसलेली गोळी देणे कितपत न्याय्य, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. येणे योग्यच आहे. त्या क्षेत्रातील घरगुती प्रसूतीत त्या वेळी असे कोणतेच औषध मिळत नव्हते, आणि नवे औषध उपयोगी आहे की नाही हे ठाऊक नव्हते, हा त्यामागील युक्तिवाद. तो सर्वांना पटेलच असे नाही. म्हणूनच असे निर्णय संशोधकाने एकट्याने घ्यावयाचे नसतात. 2019 च्या नियमांनुसार वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या नीतिमत्ता समितीची शासनाकडे नोंदणी आवश्यक झाली आहे. नवीन औषधाची चाचणी सुरू करण्यापूर्वी ती राष्ट्रीय नोंदवहीत दाखल करणे 2009 पासूनच बंधनकारक आहे. समितीत वैद्यकाबाहेरील सामान्य नागरिकही असतो. संमतिपत्र त्याला समजले नाही, तर ते बाळंतिणीला समजणार नाही हे उघड आहे. बेळगावसारख्या जिल्ह्यात एका गावात कन्नड तर शेजारच्या वाडीत मराठी बोलली जाते. तेथे संमतिपत्र घरच्या भाषेत नसेल तर अंगठा घेण्याला काहीच अर्थ उरत नाही.

चाचणी संपल्यानंतर

पुष्कळ महाविद्यालयांत एक प्रकल्प येतो, यंत्रे येतात, अनुदान संपते, आणि यंत्रांवर धूळ बसते. चाचणी संपली तरी माणसे, वह्या आणि सवयी मागे राहिल्या, हे बेळगावचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल. गावोगावच्या गरोदर स्त्रियांची नोंद करून प्रसूतीनंतर 42 दिवसांपर्यंत माता व बालक यांची खबर घेणारी कायमची नोंदवही तेथे सुरू झाली. अशी नोंदवही असली की पुढचा प्रश्न विचारण्यास नव्याने पाया खणावा लागत नाही.

त्या पायावर जे अभ्यास झाले ते सर्वच यशाचे नव्हते, आणि हे मुद्दाम सांगण्याजोगे आहे. गावकऱ्यांना संघटित करणे, सेविकांना शिकविणे व रुग्णालये सुधारणे, अशी तिहेरी योजना बेळगाव व नागपूर धरून सहा देशांत तपासली गेली; 2013 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत अर्भकमृत्यूंत फरक पडल्याचे दिसले नाही. त्याहून महत्त्वाचे उदाहरण 2015 चे. दिवस भरण्यापूर्वी प्रसूती होणार असे दिसल्यास आईला स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले असता बाळाची फुप्फुसे लवकर पक्व होतात, हे श्रीमंत देशांतील रुग्णालयांत सिद्ध झाले होते. तेच खेड्यापर्यंत न्यावे, असा विचार पुढे आला. सहा देशांत सुमारे एक लाख जन्मांवर तो तपासला असता सर्व बालकांचा मिळून मृत्युदर उलट वाढल्याचे दिसले. मातांमधील जंतुसंसर्गाची शंकाही वाढली. ही चाचणी झाली नसती तर सदिच्छेने हानी होत राहिली असती. पुढे हाच प्रश्न बेळगावसह अनेक ठिकाणच्या सुसज्ज रुग्णालयांत काळजीपूर्वक पुन्हा तपासण्यात आला. तेथे गर्भाचे वय अचूक ठरविता येते आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाची निगा राखता येते. त्या चाचणीत बालमृत्यू शेकडा 23.5 वरून 19.6 वर आल्याचे 2020 साली प्रसिद्ध झाले. औषध तेच, ते कोठे, कोणी व कोणास द्यावयाचे, यावर परिणाम ठरला.

इतर महाविद्यालयांस परदेशी संस्थेची जोड मिळेलच असे नाही, आणि मिळाली तरी प्रश्न कोणी ठरवावयाचा, याबद्दल सावध राहावे लागते. परंतु काही साधने घरचीच आहेत. पदव्युत्तर वैद्यकीय विद्यार्थ्यास प्रबंध लिहावाच लागतो. दरवर्षी असे हजारो प्रबंध बांधणी होऊन ग्रंथालयाच्या कपाटात जातात, कारण विषय पाहून ठेवलेला, रुग्णसंख्या अपुरी आणि मार्गदर्शक तिसऱ्याच कामात. एकाच विभागातील पाच विद्यार्थ्यांनी पाच वर्षे एकच प्रश्न पुढे चालविला, तर त्यातून काहीतरी हाती लागेल. एम.बी.बी.एस.च्या विद्यार्थ्यांसाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची दोन महिन्यांच्या अल्पकालीन संशोधनाची विद्यावेतन योजना 1979 मध्ये सुरू झाली. शासकीय महाविद्यालयांत बहुविद्याशाखीय संशोधन कक्ष उभारण्याची केंद्र शासनाची योजना 2013-14 पासूनची.

या सर्वांत उणीव भासते ती यंत्रांची क्वचित, माणसांची नेहमी. संख्याशास्त्रज्ञ नसतो, असला तर निबंध लिहून झाल्यावर त्याला बोलावतात, आणि तोवर उशीर झालेला असतो. किती रुग्ण घ्यावेत, हे त्याने आरंभीच सांगावयाचे असते. दुसरी अडचण बदल्यांची. तीन वर्षांची पाहणी चालू असता दीड वर्षात अध्यापकाची बदली झाली की वह्या नव्या माणसाच्या टेबलावर येतात आणि तेथेच राहतात. तिसरी, बढतीसाठी निबंध मोजण्याची. निबंध मोजले की निबंध वाढतात. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके त्यावरच पोसली गेली. आठवड्यातून एक दिवस अध्यापकास तासिका व बाह्यरुग्ण विभागातून मोकळा ठेवणे, चालू पाहणी पूर्ण होईपर्यंत त्याची बदली थांबविणे, आणि रुग्णालयाच्या नोंदी एकाच नमुन्यात, वाचता येईल अशा अक्षरात ठेवणे, यांस फार मोठे अनुदान लागत नाही.