मेलेली माशी दिसली नाही, मग गेली कुठे?

प्रश्न : डाळिंब फुलोऱ्यात असताना मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणल्या. पंधरवड्यात माश्या निम्म्यावर आल्या, पण पेटीपुढे मेलेल्या माश्यांचा सडा काही दिसला नाही. पेटीवाला म्हणतो, ‘औषधाने माशी घरची वाट विसरते.’ माशीला आठवण असते तरी का?
— एक बागायतदार, सांगोला

उत्तर : असते, आणि चांगली तल्लख असते. तुमच्या पेट्या कशाने रोडावल्या हे इथे बसून सांगता येणार नाही. वरोआ कोळी, बिघडलेली राणी, काहीही असू शकतं. पण पेटीवाल्याचं म्हणणं थोतांड नाही.

माशीचा मेंदू मोहरीपेक्षाही लहान, पण त्यात सुमारे दहा लाख चेतापेशी असतात. कामाला लागण्याआधी कोवळी माशी पेटीकडे तोंड करून हवेत घिरट्या घालते, खुणा पाठ करते. वासही ती लक्षात ठेवते. प्रयोगशाळेत माशीला बारीक नळीत अडकवतात, फक्त डोकं बाहेर. एखादा वास सोडायचा आणि लगेच मिशीला साखरपाण्याचा थेंब लावायचा. असं दोन-तीनदा केलं की नुसत्या वासावर ती सोंड बाहेर काढते. (जेवणाच्या वेळी कुकरची शिट्टी ऐकून आपलं होतं तेच!)

हे शिकणं घडतं मेंदूतल्या छत्रीसारख्या दिसणाऱ्या भागात. तिथल्या पेशी एकमेकींना निरोप देतात ते ॲसिटिलकोलीन या रसायनातून, आणि निरोप पोचला की एक विकर ते रसायन मोडून टाकतं. हे रसायन पेशीच्या ज्या कुलपात किल्लीसारखं बसतं, इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, क्लोथियानिडिन ही औषधं त्याच कुलपात बसणाऱ्या किल्ल्या आहेत, पण त्या विकराला मोडता येत नाहीत. पेशी आधी उगाच चेतते, मग गप्प होते. स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठात २०१३ साली हे माशीच्या मेंदूवर थेट मोजलं गेलं. आपल्या सातेरीच्याच जातीवर चीनमध्ये झालेल्या प्रयोगांत इमिडाक्लोप्रिड पोटात गेलेल्या माश्या वास शिकण्यात मागे पडल्या.

फ्रान्समधला २०१२चा प्रयोग तर तुमच्या प्रश्नाला नेमका लागू पडतो. माश्यांच्या पाठीवर इवलीशी इलेक्ट्रॉनिक चकती चिकटवली, काहींना साखरपाण्यातून थायामेथोक्झाम पाजलं आणि पेटीपासून किलोमीटरभराच्या आत सोडून दिलं. मात्रा होती जेमतेम एका नॅनोग्रॅमची, म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. माशी त्याने जागीच मरत नाही, पण औषध प्यायलेल्यांपैकी परतल्या कमी. सोडलेली जागा अनोळखी असेल, तर आणखी कमी. रानात हरवलेली माशी पेटीपुढे येऊन थोडीच मरणार?

वाईट म्हणजे माशीला ही औषधं चवीला कळतच नाहीत. २०१५च्या एका अभ्यासात तर इमिडाक्लोप्रिड आणि थायामेथोक्झाम घातलेलं साखरपाणीच माश्यांनी जास्त प्यायलं. युरोपीय संघाने २०१८मध्ये वरच्या तिन्ही औषधांना उघड्या शेतात बंदी घातली. आपल्याकडे मात्र इमिडाक्लोप्रिड आणि थायामेथोक्झाम कृषी सेवा केंद्रात सहज मिळतात.

‘माश्या पेटीत परतल्यावर संध्याकाळी फवारा’ हा सल्ला चांगलाच आहे, विशेषतः स्पर्शजन्य औषधांसाठी. पण ही तिन्ही आंतरप्रवाही. मुळातून, पानातून झाडात शिरतात आणि मकरंदात, परागात उतरतात. म्हणून शेजाऱ्याला ‘फवारणी कधी केली’ एवढंच विचारू नका. फुलोऱ्याआधी आळवणीतून काय सोडलं होतं, तेही विचारा.