तलंग की कोंबडा? परसातील कळपात नर-मादी ओळखण्याची रीत

कोल्हापूर जिल्ह्यातील शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड, चंदगड यांसारख्या डोंगराळ तालुक्यांत घरामागच्या परड्यात पाच-दहा कोंबड्या पाळण्याची प्रथा फार जुनी आहे. खळ्यावर सांडलेले दाणे, उकिरड्यातील किडे आणि घरातील उष्टे-खरकटे यांवर हा कळप पोसला जातो. त्यातून मिळणारी अंडी घरात खाल्ली जातात, उरलेली आठवड्याच्या बाजारात विकली जातात आणि तो पैसा बहुधा गृहिणीच्याच हाती राहतो. मुलांच्या वह्या, औषधपाणी, अडीनडीचा खर्च यांस तोच उपयोगी पडतो.

या लहानशा व्यवसायात एक निर्णय मात्र वारंवार घ्यावा लागतो : वाढत्या पिल्लांपैकी कोणती ठेवावयाची आणि कोणती विकावयाची? नर समजून विकलेले पिलू मादी निघाले, तर त्या घराचे पुढील वर्षाचे उत्पन्न व्यापाऱ्याच्या पाटीत जाते. गावठी कोंबडी वर्षाला साधारण ५० ते ६० अंडी देते. सुधारित जातीची कोंबडी त्याहून पुष्कळ अधिक देते. उलटपक्षी, मादी समजून ठेवलेले चार कोंबडे महिनोन्महिने दाणा खातात, आपसांत झुंजतात आणि कोंबड्यांना त्रास देतात.

योजनेच्या दृष्टीने महत्त्व

हा प्रश्न केवळ घरापुरता नाही. राज्याच्या पशुसंवर्धन विभागाच्या एकात्मिक कुक्कुट विकास योजनेत दोन प्रकारचे गट ठरविण्यात आले. पहिला, आठ ते दहा आठवडे वयाच्या २५ माद्या व ३ नर यांचा तलंग गट. दुसरा, एकदिवशीय १०० पिल्लांचा गट. पहिल्या गटात सुमारे आठ माद्यांमागे एक नर हे प्रमाण मुद्दाम राखले आहे, कारण उबवणीयोग्य, फलित अंडी मिळण्यास तेवढे नर पुरेसे होतात. वाटपाच्या वेळी उपस्थित राहणाऱ्या पंचायत सदस्यास २५ आणि ३ हे आकडे कागदावर दिसतात. पाटीतील पक्ष्यांत ते ओळखता आले, तरच त्या उपस्थितीला अर्थ राहतो.

दुसऱ्या गटाबाबत गैरसमज होण्याचा संभव असतो. नर-मादी न निवडता दिलेल्या १०० पिल्लांत साधारण निम्मे नर असणारच. हा आकडा कधी चाळीस, तर कधी साठापर्यंत जाऊ शकतो. त्यात कोणाची फसवणूक नसते. घरच्या कोंबडीखाली निघालेल्या बारा पिल्लांत तर हा फरक अधिकच जाणवतो. अशा सुमारे चौदा रवणींपैकी एकीत नऊ किंवा अधिक नर निघणे हा निव्वळ योगायोगाचा भाग आहे. म्हणून एखादी कोंबडी 'नरच काढते' असे ठरवून तिला विकणे योग्य नव्हे.

समजुती आणि वस्तुस्थिती

लांबट, टोकदार अंड्यातून नर आणि गोलसर अंड्यातून मादी निघते, अशी समजूत पुष्कळ ठिकाणी आढळते. पिलू पायांनी उलटे धरून ते कसे धडपडते हे पाहणे, अंड्यावर दोऱ्याला बांधलेली अंगठी धरून ती कशी फिरते ते पाहणे, असेही प्रकार केले जातात. यांपैकी कशालाही आधार नाही. अंड्याचा आकार ते घालणाऱ्या कोंबडीच्या शरीररचनेवर अवलंबून असतो. पिल्लाचे लिंग मात्र अंड्यावर कवच चढण्यापूर्वीच निश्चित झालेले असते.

शिक्षकांनी वर्गात सांगण्याजोगी एक गोष्ट येथे आहे. मनुष्यात अपत्याचे लिंग पित्याकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते. पक्ष्यांत याच्या उलट आहे. कोंबड्याची लिंग-गुणसूत्रे एकसारखी, तर कोंबडीची दोन भिन्न असतात. त्यामुळे नर की मादी हे कोंबडीकडून येणाऱ्या बीजावर ठरते.

एक दिवसाच्या पिल्लाची नर-मादी ओळखता येते, पण ते तज्ज्ञाचे काम आहे. पिल्लाच्या गुदद्वारातील सूक्ष्म उंचवटा पाहण्याची पद्धत जपानमध्ये १९२०च्या दशकात मासुई व हाशिमोतो यांच्या संशोधनातून पुढे आली. तिला दीर्घ सराव लागतो आणि अननुभवी हाताच्या दाबाने पिलू दगावू शकते. काही विशिष्ट संकरांत रंगावरूनही ओळख पटते. उदाहरणार्थ, रोड आयलंड रेड नर आणि पट्टेदार प्लायमाउथ रॉक मादी यांच्या नर पिल्लांच्या डोक्यावर फिकट ठिपका असतो, मादी पिल्लांच्या डोक्यावर तो नसतो. परंतु आपल्या परड्यातील कळप नाना रंगांचा व मिश्र रक्ताचा असतो. तेथे पिल्लाच्या रंगावरून काहीच ठरविता येत नाही.

वयानुसार लक्षणे

*तीन ते पाच आठवडे.* अनेक जातींत मादी पिल्लांना शेपटीची व पाठीची पिसे लवकर फुटतात. नराची पाठ काही काळ उघडी दिसते. हा केवळ प्राथमिक अंदाज समजावा.

*सहा ते दहा आठवडे.* नराचा तुरा मोठा, जाड व लालसर होऊ लागतो. चोचीखालच्या मांसल पाळ्या स्पष्ट दिसतात. मादीचा तुरा लहान व फिकट राहतो. नराच्या पायाची नळी जाड, उभे राहणे ताठ आणि डोके काहीसे रुंद असते.

*दहा ते चौदा आठवडे.* या वयात सर्वांत भरवशाचे लक्षण प्रकट होते. पाठीच्या शेवटी, शेपटीच्या बुडाशी येणारी नराची पिसे लांब, निमुळती, टोकदार व चकचकीत असतात. मादीची पिसे रुंद व गोलाकार टोकाची राहतात. मानेवरील पिसांतही हाच फरक दिसतो. पुढे नराच्या शेपटीत विळ्यासारखी वाकलेली पिसे येतात.

आरवणे हे बहुधा नराचेच लक्षण, पण प्रत्येक नर लवकर आरवत नाही. कळपात एक दांडगा कोंबडा असला की इतर गप्प राहतात. पायावरील नखीवरूनही घाईने निर्णय करू नये, कारण ती उशिरा वाढते आणि वयस्क कोंबडीलाही येऊ शकते.

तुलना कशी करावी

एकट्या पक्ष्याकडे पाहून निर्णय करू नये. एकाच वयाची व एकाच जातीची पिल्ले शेजारी ठेवून पाहावीत. लेगहॉर्न रक्ताच्या तलंगेचा तुरा गावठी नराच्या तुऱ्याहून मोठा दिसू शकतो. वयाने दोन आठवडे मोठी मादी लहान नराहून थोराड वाटते. बहुतेक चुका अशा विजोड तुलनेतूनच होतात.

यासाठी सोयीचा दिवस म्हणजे लसीकरणाचा. मानमोडी रोगाची लस आठव्या आठवड्याच्या सुमारास टोचली जाते, तेव्हा प्रत्येक पक्षी हातात येतो. त्या वेळी तुरा, पाळ्या व पाय पाहून तीन गट करावेत : निश्चित नर, निश्चित मादी आणि संशयित. संशयित पिल्लांच्या पायात रंगीत दोरा सैल बांधावा, तो वाढीबरोबर आवळत नाही ना हे पाहावे आणि बाराव्या आठवड्यानंतर पाठीची पिसे पाहून निर्णय करावा. तोपर्यंत ते पिलू विकू नये. चार आठवड्यांचा दाणा हा एका अंड्यावरच्या कोंबडीच्या मानाने किरकोळ खर्च आहे.

शाळेतही हा उपक्रम घेता येईल. मुलांनी घरच्या पिल्लांची जन्मतारीख, दर आठवड्याची लक्षणे आणि आपला अंदाज वहीत लिहावा व शेवटी पडताळा पाहावा. कोणत्या वयात किती अंदाज चुकले, हे मुलांना स्वतःच्या नोंदीवरून कळेल.

नर किती ठेवावेत?

आठ ते दहा कोंबड्यांमागे एक निरोगी, चपळ नर पुरेसा आहे. अंडी केवळ खाण्यासाठी किंवा विक्रीसाठी हवी असतील, तर नराची आवश्यकताच नाही. कोंबडी नराविनाही अंडी देते आणि अशी अंडी उन्हाळ्यात अधिक टिकतात. पैदाशीचा नर शक्यतो त्याच रवणीतील नसावा. दुसऱ्या वस्तीवरील नराशी अदलाबदल केल्यास जवळच्या रक्तसंबंधाचे दोष टळतात. उरलेले नर वेगळे वाढवून सणाच्या व जत्रेच्या हंगामात विकल्यास भावही बरा मिळतो.

कोल्हापूर येथे पशुसंवर्धन विभागाचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. सुधारित जातीची पिल्ले घेऊ इच्छिणाऱ्यांनी तेथे अथवा नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करावी. पिल्ले निवडलेली आहेत की मिश्र, हा प्रश्न घेतानाच विचारावा. तलंग गट ताब्यात घेताना माद्या व नर वेगळे करून मोजावेत आणि मगच पावतीवर सही करावी. जिच्या नावावर गट आहे, त्या गृहिणीलाच ही मोजणी करण्यास सांगावे. पुढे वर्षभर तो कळप तिलाच सांभाळावयाचा असतो.