अंगणवाडीच्या ताई आणि घरातली मारहाण



घरात आईला मार बसतो, हे पुष्कळदा सर्वांत आधी अंगणवाडीच्या ताईंच्या लक्षात येते, तेही कोणी न सांगता. मूल अजून नीट बोलत नसते; पण कोणी हात वर केला की अंग चोरते, आईचा पदर सोडत नाही, बाहुलीला बदडते. अशा मुलाची उलटतपासणी घेऊ नये. रोज तीच जागा, तीच गाणी, ठरल्या वेळी खाऊ आणि न ओरडणाऱ्या ताई, यानेच त्याला धीर येतो. त्याने आपणहून काही सांगितले, तर ऐकून घ्यावे आणि ‘यात तुझी काही चूक नाही’ हे स्पष्ट सांगावे. लहान मुलांना पुष्कळदा वाटते की भांडण आपल्यामुळेच झाले.

आईशी बोलणे अधिक अवघड. मुलाच्या वजनाच्या दिवशी ती आली, तर घरच्यांना संशय येत नाही. बाजूला घेऊन हळूच विचारावे, ‘घरी भीती वाटते का?’ नवऱ्याला मात्र ताईंनी जाब विचारू नये. त्याचा राग रात्री तिच्यावरच निघतो.

‘मग ती त्याला सोडत का नाही?’ असे विचारणाऱ्यांनी आपल्या धारूर तालुक्याकडे पाहावे. ऊसतोडीची उचल नवराबायकोच्या जोडीवर, म्हणजे एका कोयत्यावर घेतलेली असते. ती निघून गेली तर कोयता मोडतो आणि उचल अंगावर राहते. दिवाळीच्या सुमारास कुटुंब कारखान्यावर गेले, की मूल पाच-सहा महिने ताईंच्या नजरेआड होते. म्हणून निघण्यापूर्वीच महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक तिच्याकडून पाठ करून घ्यावेत. कागद नवऱ्याच्या हाती लागू शकतो.

कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यानुसार संरक्षण अधिकाऱ्यांना कोणीही कळवू शकते. प्रामाणिक हेतूने कळवणाऱ्यावर ठपका येत नाही. तरी तिच्या संमतीशिवाय घाई नको. जीवाला धोका असेल किंवा मुलावरही हात उगारला जात असेल, तर मात्र थांबू नये.

‘भांड्याला भांडे लागतेच’ म्हणून आपण विषय मिटवतो. ‘आपला क्रूस वाहा’ हा सल्ला तर आम्हाला त्याहून वाईट वाटतो. क्रूस आपणहून उचलायचा असतो. नवऱ्याच्या काठीला क्रूस म्हणता येत नाही.

शेजारच्या घरी ताई चौकशीला येऊन गेल्या, तर त्या कशाला आल्या होत्या हे कृपया पारावर विचारत बसू नये.